पिंजऱ्यातले लावे सोडू नका, माळावरची पिल्लं जगवा

बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: घरची जमीन बरीचशी सोयाबीनखाली, वरच्या अंगाला सहा एकर मुरमाड माळ. लहानपणी पावसाळ्यात बांधाबांधातून लावऱ्या भुर्रकन उडायच्या. आता तितराचा आवाज येतो, लावरी क्वचितच दिसते. बटेरपालन करणाऱ्याकडून पिल्लं विकत आणून माळावर सोडली तर वाढतील का? माळावर झाडं लावावीत का? पक्षी वाढले की घटले हे मोजायचं कसं? आणि ज्यांची शिकार केली जाते अशा पक्ष्यांवर परदेशात जे संशोधन झालं, त्यातलं आपल्याकडे काय चालेल?

पिल्लं सोडण्याचं उत्तर आधी देतो, कारण ती चूक एकदा झाली की निस्तरता येत नाही. सोडू नका.

बटेरपालनातला पक्षी जपानी लावा आहे. तो भारतात १९७४ साली कुक्कुटसंशोधनासाठी आणला गेला आणि पुढे उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे अंड्यांसाठी व मांसासाठी वाण तयार केले. तो सहा-सात आठवड्यांत अंडी देऊ लागतो, अंडी यंत्रात सतरा-अठरा दिवसांत फुटतात, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीत त्याची खुडूक बसण्याची वृत्ती जवळजवळ गेली आहे. मादी अंडी घालून निघून जाते. पिल्लांना हाक मारणारी, घार दिसताच दबून बसायला शिकवणारी आई त्यांना मिळतच नाही. तुम्ही शंभर पिल्लं सोडलीत तर मुंगूस, मांजर, कुत्री आणि शिक्रा यांची काही दिवस सोय होईल. अमेरिकेत बॉबव्हाइट नावाच्या लाव्यावर हा प्रयोग अनेक दशकं झाला. पिंजऱ्यात वाढवून सोडलेल्या पक्ष्यांतले पुढच्या विणीपर्यंत फारच थोडे टिकतात, हे तिथे पुन:पुन्हा दिसलं.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा साधा लावा हा जपानी लाव्याचा अगदी जवळचा नातलग. दोघांचा संकर होतो आणि संकरित पिल्लंही प्रजननक्षम असतात. स्पेन, फ्रान्स, इटलीमध्ये शिकारीसाठी पाळीव लावे सोडल्यामुळे रानटी लाव्यांत संकराचा अंश सापडला, आणि स्थलांतराची उपजत ओढ त्यामुळे कमकुवत होईल अशी चिंता तिथल्या अभ्यासकांना लागून राहिली आहे. शिवाय रानीखेतसारखे रोग पाळीव पक्ष्यांबरोबर रानात जातात. पैसा खर्च करून आपल्याच पाहुण्यांच्या वाटेत काटे पेरण्यासारखं होईल ते.

आता थोडं थांबून तुमच्या शिवारातले पक्षी कोण, ते नीट लावून घेऊ. 'लावरी' म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते निदान चार-पाच वेगळे पक्षी आहेत आणि प्रत्येकाची गरज वेगळी. लहानपणी पावसाळ्यात तुम्ही ऐकलेला बहुधा पावसाळी लावा. नराच्या छातीवर काळा डाग असतो, आवाज दोन सुरांचा, 'व्हिट-व्हिट', पहाटे आणि ढगाळ दुपारी. मृगाचा पाऊस पडून गवताने बोटभर उंची धरली की तो येतो, जुलै ते सप्टेंबर-ऑक्टोबर या काळात विणतो आणि पाऊस जिथे बरा तिकडे सरकतो. एखाद्या कोरड्या वर्षी तो दिसला नाही तर लगेच घाबरू नका, तो दुसऱ्या जिल्ह्यात असू शकतो. साधा लावा हिवाळी पाहुणा. ज्वारी, हरभरा, करडईच्या रानात असतो. तो आपल्याकडे फार बोलत नाही, त्यामुळे पायाखालून उडाल्याशिवाय कळत नाही.

रान लावा आणि खडकी लावा हे मात्र तुमच्या माळाचे कायमचे रहिवासी. हे थव्याने राहतात. सात-आठ पक्षी एका झुडपाखाली दबून बसतात, तुम्ही अगदी पायाशी गेलात की सगळे एकदम फुटतात, आणि थोड्या वेळाने एकमेकांना शिट्ट्या घालून पुन्हा गोळा होतात. खडकी लाव्याला उघडा, खडकाळ, विरळ झुडपांचा माळ लागतो. म्हणजे सरकारी कागदावर ज्याला पडीक म्हणतात नेमका तोच.

मग आहे तीन बोटांची लावरी. ही खरं तर लाव्यांच्या कुळातलीच नाही, टिटवी-कुरवांच्या गणातली आहे. तिच्यात मादी मोठी, गळा काळा आणि हाका मारणारीही तीच. लांबून मोटारसायकल जाते आहे असा तिचा घुमारा येतो. ती अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराच्या वाट्याला. पावसाळ्यात वावराच्या कडेला असा घुमारा ऐकलात तर ती वही-पेनाने नोंदवण्याची गोष्ट आहे.

तितर दोन. राखी तितर गावाजवळ, बाभळी-बोरींच्या आसऱ्याने राहतो, रात्री काटेरी झाडावर बसतो, फेब्रुवारी-मार्चपासूनच विणीला लागतो. रंगीत तितराला उंच गवत लागतं, तो पावसाळ्यात एखाद्या दगडावर किंवा झुडपाच्या शेंड्यावर चढून ओरडतो. तुमच्याकडे राखी आहे आणि रंगीत नाही, याचाच अर्थ झुडपं उरली आहेत पण गवत गेलं आहे. पखुर्डी (सँडग्राउस) हा माळावरचा आणखी एक पक्षी. ती उन्हाळ्यात, फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान, उघड्या मुरमावर नुसत्या खळग्यात साधारण तीन अंडी घालते. तिचा नर सकाळी पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतो आणि ते पाणी पिल्लांना पाजतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात जो माळ आपल्याला मेलेला वाटतो, त्या माळावर हे चाललेलं असतं.

या यादीतून एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या सहा एकरांत वर्षातला एकही महिना असा नाही की 'आता कुणाची वीण नाही, आता हवं ते करू'. फेब्रुवारी ते मे तितर आणि पखुर्डी, जून ते ऑक्टोबर लावे, त्याला लागून रान लाव्यांची पिल्लं. म्हणून कोणतंही काम सगळ्या माळावर एकदम करायचं नाही. तुकडे पाडून करायचं.

आता संशोधनाबद्दल. परदेशातलं बरंच काम शिकारीसाठी झालं हे खरं, पण त्यातून जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याचं गणित फार नीट उलगडलं. हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवर १९२४ पासून काही वर्षं बॉबव्हाइटचा अभ्यास केला. जमीनदारांना वाटत होतं की हिंस्र प्राणी मारले, दाणे टाकले की लावे वाढतील. स्टॉडर्ड यांनी दाखवलं की अडचण जमिनीच्या आच्छादनात आहे. पाइनच्या रानात वणवा थांबवल्यामुळे खालचं गवत दाट गच्च झालं होतं आणि बोटभर पिल्लाला त्यातून चालताच येत नव्हतं. ठरवून, तुकड्यातुकड्याने जाळल्यावर पक्षी सावरले. त्यानंतर पॉल एरिंग्टन यांनी मांडलं की एखाद्या रानात आडोसा जेवढा, तेवढेच पक्षी हिवाळा काढतात. जास्तीचे कुणाच्या तरी तोंडी जातातच. एका शिकाऱ्याला हटवलं तर दुसरा तेच काम करतो. या मताला पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण आडोशाचा मुद्दा टिकला.

मला स्वतःला सर्वांत मोलाचं वाटतं ते इंग्लंडमधलं डिक पॉट्स यांचं काम. ससेक्सच्या टेकड्यांवर १९६८ पासून त्यांनी करड्या तितरांची मोजणी सुरू केली, लवकरच तिला त्याच शेतांतल्या किड्यांच्या मोजणीची जोड दिली, आणि हे काम पुढे दशकानुदशकं चालू राहिलं. तितर का घटतो याची उत्तरं तोवर सगळे शोधत होते ते शिकारीत, थंडीत, कोल्ह्यांत. पॉट्स यांना उत्तर सापडलं तणनाशकात. तणनाशक पक्ष्याला मारत नव्हतं. ते तण मारत होतं. तणावर जगणारे किडे, अळ्या, ढेकण्या त्याबरोबर जात होत्या. आणि पहिले दोन आठवडे पिल्लाला वाढीसाठी लागणारं प्रथिन त्याच किड्यांतून मिळत होतं. मोठा तितर दाणे, पाला खाऊन जगतो. पिल्लू दाण्यावर जगत नाही. किडे विरळ झाले की पिल्लाला घासामागे जास्त चालावं लागतं, ते भिजतं, गारठतं, शिकाऱ्याच्या नजरेला पडतं आणि पंख फुटायच्या आत मरतं. वर्षामागून वर्ष पिल्लं कमी जगली की म्हातारे पक्षी ओरडत राहतात, आपल्याला वाटतं पक्षी आहेत, आणि एक दिवस आवाज बंद होतो.

ससेक्सवरून नजर उचलून मराठवाड्यावर ठेवा. आपल्या वडिलांच्या वेळी खरिपात मूग, उडीद, तूर, बाजरी, तीळ, भगर, अंबाडी अशी पिकं मिसळून असायची. रब्बीत टाळकी ज्वारी, करडई, जवस. खुरपणी हाताने व्हायची, म्हणजे तण एकाच दिवशी सगळं जात नव्हतं. आज लातूरपासून तुमच्या बालाघाट डोंगररांगेपर्यंत सलग सोयाबीन आहे आणि पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या आत तणनाशकाची फवारणी. ती फवारणी साधारण जुलैत येते. पावसाळी लाव्याची पहिली पिल्लं फुटतात तीही त्याच सुमाराला. त्यात मजुरीचे दर आणि मजुरांची टंचाई मला माहीत आहे, म्हणून 'तणनाशक बंद करा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते कोणी ऐकणार नाही आणि ऐकणाऱ्याचं घर चालणार नाही. इंग्लंडमध्येही तसं सांगितलं गेलं नाही. तिथे पिकाच्या कडेचा सुमारे सहा मीटरचा पट्टा बहुतेक फवारणीतून वगळायचा, बाकी शेत नेहमीसारखं करायचं, अशी पद्धत बसवली आणि त्या पट्ट्यालगत पिल्लांचं जगणं सुधारलं. आणखी एक उपाय त्यांनी केला: मोठ्या सलग शेताच्या मधोमध माती ओढून दीड-दोन वीत उंचीचा, दोन मीटर रुंदीचा उंचवटा करायचा आणि त्यावर ठोंबाचं गवत लावायचं, भुंगेऱ्यांना राहायला. त्या लोकांना जे मुद्दाम पैसे घालून बांधावं लागलं, ते आपल्याकडे बांध म्हणून आजोबा-पणजोबांपासून आयतं उभं आहे. आपण तेच दरवर्षी ट्रॅक्टरने कोरतो, त्यावर ग्लायफोसेट मारतो आणि उन्हाळ्यात पेटवून देतो.

तेव्हा तुमच्याकडे करण्यासारखं पहिलं काम माळावर नाही, बांधावर आहे. जे बांध रुंद आहेत ते निदान चार हात रुंद राहू द्या. त्यावर पवन्या, मारवेल, शेडा यांचे ठोंब असतील तर कापा, पण मुळासकट काढू नका आणि सगळे बांध एकाच वर्षी कापू नका. बांधालगतच्या सोयाबीनच्या शेवटच्या सहा-आठ तासांत, म्हणजे ओळींत, तणनाशक मारू नका. तेवढं एक खुरपण घ्या किंवा कोळपणी करा. कीटकनाशकाचंही तेच: कडेच्या तासांत गरज पडल्याशिवाय नाही. त्याने उत्पन्नात जो फरक पडेल तो कडेच्या तासांचाच, जिथे बांधाच्या सावलीने आणि मुळांनी आधीच उतारा कमी असतो. बांधावर एक ओळ तुरीची किंवा अंबाडीची असेल तर उत्तम. तूर सोयाबीननंतरही उभी राहते आणि पिल्लांना डोक्यावर छत देते. रब्बीत ज्वारीच्या कडेने करडईचे दोन तास घालायची जुनी रीत गुरांना अडवण्यासाठी होती. त्या काट्यांत कुत्रंही शिरत नाही, हा तिचा दुसरा उपयोग.

बियाण्याबाबत एक सूचना, जी फारशी कोणी देत नाही. थायमेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड लावलेलं बी पक्ष्याला विषारी ठरतं. स्पेनमध्ये लाल पायांच्या तितरांना इमिडाक्लोप्रिड लावलेलं बी खाऊ घालून जे प्रयोग झाले, त्यांत पक्षी मेले आणि वाचलेल्यांचं प्रजननही बिघडलं. पेरणी यंत्र वळताना बांधाच्या टोकाला मूठ-मूठ बी उघड्यावर सांडतं. संध्याकाळी तिथे जाऊन ते मातीआड करा. दहा मिनिटांचं काम आहे.

काढणीची वेळ दुसरी नाजूक. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं, तेव्हा पावसाळी लाव्याची उशिराची घरटी किंवा अजून न उडणारी पिल्लं त्यातच असू शकतात. हार्वेस्टर चारी कडांनी आत-आत येत गेलं तर सगळं उरल्यासुरल्या मधल्या तुकड्यात कोंडतं आणि शेवटच्या फेरीत चिरडतं. त्याऐवजी मधून सुरू करून बाहेर येत जा, किंवा एका बांधाकडून दुसऱ्या बांधाकडे सरका. म्हणजे पक्ष्याला बांधात शिरायला वाट राहते. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये गवतातल्या कॉर्नक्रेक या पक्ष्यासाठी हीच पद्धत वापरली जाते आणि ती उपयोगी ठरली आहे. हाताने काढणी करणाऱ्या टोळीला आधी सांगून ठेवा: घरटं दिसलं तर दोन-तीन पावलांचा गोल उभा सोडा, खुणेची काठी थोडी लांब रोवा, अगदी जवळ नको, कारण कावळ्यालाही खूण कळते.

आता माळ. झाडं लावू का, असं तुम्ही विचारता. माझं उत्तर स्पष्टपणे 'नको' असं आहे, आणि हे सांगताना मला गावोगाव वाईटपणा घ्यावा लागतो. पाऊस पडावा म्हणून, पुण्य म्हणून, योजना म्हणून लोक माळावर खड्डे घेतात. पण जिथे हजारो वर्षं गवत आणि काटेरी झुडपं होती, तिथे ती का होती हे आधी पाहायला हवं. पावसाची सरासरी कमी, तोही लहरी, वर मातीचा थर वीतभर आणि खाली खडक. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोकगीतांतले वनस्पतींचे उल्लेख तपासून दाखवलं आहे की पश्चिम महाराष्ट्राचा कोरडा पट्टा शेकडो वर्षांपूर्वीही असाच विरळ झाडांचा, गवताचा होता. कुणीतरी जंगल तोडलं म्हणून तो तसा झाला, असं नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांच्या नकाशानुसार देशाच्या भूभागाचा जवळपास दहावा हिस्सा अशा खुल्या परिसंस्थांचा आहे, आणि त्यातला फार मोठा भाग आपल्या दफ्तरात 'पडीक' म्हणून नोंदलेला. पडीक म्हटलं की त्यावर गिरिपुष्प लावा, जेसीबीने सलग चर खोदा, सौरपटल उभे करा, पवनचक्कीचा रस्ता काढा, सगळं मोकळं.

उंच झाडं आली की गवताळ माळाचे पक्षी ती जागा टाळू लागतात. झाडावर कावळा बसतो, शिक्रा बसतो, आणि खालचं घरटं त्यांना दिसतं. म्हणून असलेल्या बोरी, तरवड, हेकळ, एखाद-दुसरी जुनी बाभूळ राखा, नवीन रोपं लावू नका. वेडी बाभूळ उगवत असेल तर कोवळी असतानाच खणून काढा. गाजर गवत फुलायच्या आत उपटा. हौस असेल तर माळाच्या बाहेर, घराजवळ, ओढ्याच्या कडेला वड-लिंब हवी तेवढी लावा. तिथे त्यांची जागा आहे.

चराईचं म्हणाल तर पूर्ण बंदी मला पसंत नाही. दोन वर्षं कुंपण घातलं की गवत दाटतं, वाळकं गवत खाली साचतं, आणि स्टॉडर्ड यांना जॉर्जियात दिसलं तेच आपल्याकडे होतं: पिल्लाला चालायला जागा राहत नाही. उलट बारमाही चराई असेल तर कुसळीही उरत नाही. पिल्लाला हवा असतो ठोंब, त्याच्याशेजारी वीतभर मोकळी जमीन, पुन्हा ठोंब. तुमच्या सहा एकरांचे तीन भाग करा. एका वर्षी एक भाग जून ते दिवाळी पूर्ण मोकळा ठेवा, दुसऱ्यात हलकी चराई, तिसऱ्यात नेहमीची. पुढच्या वर्षी पाळी बदला. धनगरांच्या मेंढ्या येत असतील तर त्यांना आधीच सांगा, बहुतेक वेळा ते ऐकतात, कारण राखलेला तुकडा पुढे त्यांनाच चारा देतो. गवत कापायचं ते बी पडल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. कापताना मध्ये दोन-तीन पट्टे उभे सोडा.

आगीबद्दल मात्र अमेरिकेची नक्कल करू नका. तिथलं जाळणं पाइनच्या जंगलातलं आहे, ओलावा पाहून, प्रशिक्षित माणसांनी, तुकड्याने केलेलं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कुणीतरी काडी टाकतं आणि रात्रभर डोंगर जळतो. त्याच वेळी तितर अंड्यांवर बसलेला असतो. 'जाळल्याने गवत चांगलं येतं' या समजुतीपायी दरवर्षी किती घरटी जातात, याचा मला फार त्रास होतो. डिसेंबर-जानेवारीत माळाच्या कडेने दोन मीटरचा पट्टा खरवडून जाळपट्टा करा, शेजाऱ्यांशी बोला, आणि तेवढी एक गोष्ट जरी साधली तरी तुमचा माळ आसपासच्या माळांपेक्षा वेगळा दिसू लागेल.

शिकाऱ्यांविषयी विचारलं नाहीत, पण सांगतो. मुंगूस, घोरपड, खोकड यांच्या मागे लागू नका, ते माळाचेच आहेत आणि कायद्याने संरक्षित आहेत. खरी अडचण मोकाट कुत्र्यांची. आखाड्यावर, कोंबडीच्या टाकाऊ मांसावर त्यांच्या टोळ्या वाढतात आणि रात्री माळ पिंजून काढतात. टाकाऊ मांस उघड्यावर टाकणं थांबवणं आणि कुत्र्यांची नसबंदी यावर ग्रामपंचायतीत बोला. दुसरा धोका प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचा. पाणी प्यायला गेलेलं पिल्लूच काय, खोकडही घसरून बुडतं. कडेने एक जाड दोर किंवा गोणपाटाची पट्टी पाण्यापर्यंत सोडून ठेवा. माळावर मुद्दाम पाणवठा बांधायची घाई नको. लाव्यांना दव आणि किडे यांतून बरंच पाणी मिळतं, आणि बांधीव पाणवठ्यावर आधी कुत्री येतात.

फाशांचा विषय टाळून चालणार नाही. घोड्याच्या केसांचे फासे, पाळीव तितराची हाक, हे कसब फासेपारध्यांकडे पिढ्यान् पिढ्यांचं आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा अनेक समाजांना गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, १९५२ साली तो शिक्का पुसला गेला, पण गावाच्या नजरेतून पुसला गेला नाही. आज तितर कमी झाले की बोट पहिलं त्यांच्याकडे जातं. माझ्या अनुभवात पक्षी गेले ते वावरं आणि माळ बदलल्यामुळे. फासा उरलेल्यांवर पडतो. लाव्यांची, तितरांची शिकार, अंडी उचलणं, घरटं मोडणं हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. १९७२ च्या मूळ कायद्यात लहान शिकारीसाठी परवान्याची सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. त्यामुळे परदेशातल्यासारखी 'शिकारीतून संवर्धन' ही वाट आपल्याकडे नाही, आणि ती नसणं मला योग्य वाटतं. पण पारध्यांना बाहेर ठेवून माळ वाचवता येईल असंही मला वाटत नाही. विदर्भात अकोला-वाशिमकडे 'संवेदना' या संस्थेने फासेपारधी समाजाबरोबर गवताळ माळ राखण्याचं काम उभं केलं आहे, आणि तिथे तणमोरासारख्या अतिदुर्मिळ पक्ष्याच्या नोंदीत याच लोकांची नजर कामी आली. तुमच्या गावाजवळ त्यांची वस्ती असेल तर पक्षी मोजताना त्यांच्यातला एक जाणता माणूस बरोबर घ्या आणि त्याला दिवसाची रास्त मजुरी द्या. हाक ओळखण्यात तो तुमच्या-माझ्या पुढे असेल.

मोजणीचं तंत्र साधं ठेवा, पण दरवर्षी तेच ठेवा. शिवारात एकमेकांपासून साधारण चारशे मीटरवर पाच-सहा ठिकाणं ठरवा, दगडाला चुना लावून खूण करा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिल्या ठिकाणी उभं राहायचं, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं, कोणता पक्षी, कोणत्या दिशेला, साधारण किती लांब, एवढंच लिहायचं. वारा असेल किंवा जोराचा पाऊस असेल त्या दिवशी नाही. राखी तितरासाठी मार्च-एप्रिल, लाव्यांसाठी पाऊस सुरळीत झाल्यावर जुलै-ऑगस्ट. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला उत्तर द्यायला लावू नका. विणीच्या नराला ते विनाकारण त्रासाचं होतं आणि आकडेही फुगतात.

या आकड्यांत एक फसगत आहे. लाव्यांत ज्याला जोडीदारीण मिळाली नाही तो नर जास्त वेळ ओरडतो. त्यामुळे हाका वाढल्या म्हणजे पक्षी वाढले असं धरता येत नाही. कधी कधी माद्या कमी झाल्याचंही ते लक्षण असतं. म्हणून हाकांच्या जोडीला दुसरी मोजणी हवी: पिल्लांची. पॉट्स यांच्या परंपरेत धान्य निघाल्यावर मोकळ्या शेतात तितरांचे थवे पाहून मोठे किती, त्या वर्षीची पिल्लं किती, हे लिहितात. आपल्याकडे सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सकाळी मोटारसायकल बांधाला लावून तेच करता येतं. दर मोठ्या पक्ष्यामागे पिल्लं किती, हा एकच आकडा तुम्ही सांभाळलेल्या कडांचा खरा निकाल सांगेल. तुमचे फवारणी वगळलेले बांध आणि शेजाऱ्यांचे नेहमीचे बांध, दोन्हीकडे तो वेगळा लिहा. घरटी मात्र शोधत फिरू नका. आपल्या वासाने नसेल, पण आपण तुडवलेल्या गवताच्या वाटेने मुंगूस नक्की पोचतो. पक्षी पकडणं, पायात कडी घालणं, ट्रान्समीटर लावणं यांपैकी काहीही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय करायचं नाही. तुमच्या प्रश्नांना त्याची गरजही नाही.

या नोंदी कुठे जातील, तर तीन ठिकाणी. एक तुमची वही. दुसरं ई-बर्ड हे पक्षी-नोंदींचं संकेतस्थळ, जिथे तारीख, वेळ आणि 'काहीच ऐकू आलं नाही' हीसुद्धा नोंद मोलाची असते. तिसरं तुमच्या ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावात व्यवस्थापन समिती असायला हवी; बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते, पण नोंदवहीत 'गायरान गट अमुक, खडकी लावा, पिल्लांसह' अशी तारीखवार ओळ असेल तर उद्या त्या गायरानावर काही प्रकल्प आला तेव्हा ग्रामसभेत दाखवायला काहीतरी राहतं. सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पक्षी-पाहणी केली, तेव्हा मराठवाडा त्या संस्थानात होता. ती पाहणी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली आहे. आपल्या भागासाठी जुन्या काळाशी ताडून पाहायला एवढा चांगला पाया दुसरा नाही. तुमच्याजवळच नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथल्या वनरक्षकांशी ओळख करून घ्या, मोराच्या गणनेबरोबर तितर-लाव्यांच्या हाका लिहायला त्यांनी सुरुवात केली तर तुमच्या शिवाराला तुलनेसाठी शेजार मिळेल.

या वर्षीपुरतं एवढंच करा: पेरणीआधी बांधांचा नकाशा काढून कोणत्या कडा वगळायच्या ते ठरवा आणि फवारणी करणाऱ्याला त्या प्रत्यक्ष दाखवा, माळाचे तीन भाग चुन्याने आखा, आणि पाऊस बसला की जुलैत पहिली मोजणी लावा. ऑक्टोबरची पिल्लांची मोजणी झाली की दोन्ही तक्ते मला पाठवा, आकडे कितीही छोटे असले तरी. पहिल्या वर्षी फरक दिसणार नाही, कारण पाऊसच सगळं खाली-वर करतो. निदान तीन पावसाळे हातात आल्यावर आपण बसून बोलू.